उन्हाला गिऱ्हाईक

सांता मारिया, साल बेट
११ मार्च १९९०

प्रिय बाल्तादादा,

इदाचा नमस्कार. डोक्यावर हात असू दे. तू आणि वहिनी बरी असाल, रॉटरडॅमची थंडी आता ओसरायला लागली असेल. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या मेहुण्याचा, दमासियोचा, गुडघा होडीत चढताना कुरकुरतो, पण तोंड अजून तरुण आहे. बकरीला दोन पिल्लं झाली. आईच्या कबरीला मागच्या आठवड्यात चुना मारून घेतला. वाऱ्यानं एक बाजू पार खरवडून काढली होती.

तुझं पत्र येऊन वर्ष झालं आणि मी उत्तर दिलं नाही. नाताळातही नुसतं कार्ड धाडलं. रुसले नव्हते, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता आहे. ते सांगेनच, पण आधी बातमी ऐक.

दादा, आम्ही जिंकलो!

येत्या नोव्हेंबरपासून दर आठवड्याला एक विमान थेट ॲमस्टरडॅमहून इथे येणार. भरून येणार. आणि त्यातली माणसं इथे उतरणार! तू म्हणशील, विमानांचं काय कौतुक, ती तर पूर्वीपासून उतरताहेत. उतरत होती रे, पण तेल भरायला. आतली माणसं खिडकीतून आपला हा दगड बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. मी सहा वर्षं विमानतळावर कॉफी विकली आहे, मला विचार. एका गोऱ्या बाईनं एकदा विचारलं होतं, "इथे माणसं राहतात?" मी म्हटलं, "नाही बाई, मी या किटलीतून निघाले." तिला कळलं नाही ते सोड. नोव्हेंबरात येणारं विमान तेलासाठी नाही, आमच्यासाठी येणार आहे.

हे झालं कसं, ते नीट सांगते.

मिठागरं बंद पडली ते तुला ठाऊक आहे. मग मासळी डबाबंद करायचा कारखानाही बसला. पोरं एकेक करून चालली होती, कोणी लिस्बनला, कोणी तुमच्याकडे. संध्याकाळी धक्क्यावर पाहावं तर सगळी पिकली डोकी. मी बाबांच्या घराला मागे सहा खोल्या काढल्या, पुढे खाणावळ घातली, तेव्हा गाव हसलं. तूही हसलास. नुसता हसला असतास तरी चाललं असतं.

जानेवारीत राजधानीतून एव्हारिस्टो नावाचा अधिकारी आला. चांगला माणूस, पण कायम घामाघूम. म्हणाला, हॉलंडची एक मोठी सहल कंपनी हिवाळी सुट्टीसाठी नवा उन्हाचा देश शोधतेय. त्यांचे लोक पाहणीला येताहेत. आवडलं तर विमान सुरू होईल, नाहीतर ते दुसरीकडे जातील, आणि दुसरीकडे गेलेले परत येत नाहीत. "आणि बाई," तो म्हणाला, "त्यांच्या कार्यालयातून खास कळवलंय, एक मुक्काम इदालिनाबाईंच्या खाणावळीत हवा."

"माझ्या? त्यांना माझं नाव कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत. तुम्ही फक्त चादरी बदला."

फेब्रुवारीच्या अखेरीस ते आले. कंपनीचे पाच जण, त्यांचा मुख्य फेरहूफ नावाचा दाराच्या चौकटीएवढा माणूस, आणि बरोबर एक दुभाषी मुलगी. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आणि दादा, त्यांच्या मागोमाग काय आलं असेल? धूळ! वाळवंटाकडून येणारी ती जुनी पिवळट धूळ. सकाळी उठले तर आभाळ नाही, समुद्र नाही, धक्क्याचं दुसरं टोक नाही. सूर्य म्हणजे राखेत पडलेलं जुनं नाणं. डोळे चुरचुरताहेत, दातांखाली वाळू करकरतेय. वर्षाचे सगळे दिवस ऊन, आणि ऊन दाखवायचं त्याच दिवशी हे!

फेरहूफ अंगणात उभा राहून वर बघत होता. मुलीनं त्याचं बोलणं पोर्तुगीजमध्ये सांगितलं, "हे विचारताहेत, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर काय छापू? घोंगडी?"

एव्हारिस्टो दमासियोचा दंड धरून म्हणाला, "काहीतरी करा हो!"

"साहेब," दमासियो म्हणाला, "सूर्य काय माझ्या होडीत ठेवलाय? असता तर काढून दिला असता."

मुलगी फस्सकन हसली. हेही तिनं फेरहूफला सांगितलं, तेव्हा तोही जरासा हसला. मी मनात म्हटलं, हसतोय म्हणजे अजून दार लागलेलं नाही.

एव्हारिस्टोच्या कागदावर वाळूत खुर्च्या टाकून ऊन खायचा कार्यक्रम होता. मी तो कागद त्याच्या खिशात परत घातला. पाहुणा घरात आहे आणि आभाळ रुसलंय, म्हणून चूल विझवायची का? मी सगळ्यांना आत घेतलं. रात्री शिजवलेली मका-कडधान्याची काशुपा सकाळी तव्यावर परतून, वर अंडं घालून दिली, तशी आई बाबांना मिठागरावर जायच्या आधी द्यायची. पाचही जणांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग दमासियो त्यांना धक्क्यावर घेऊन गेला. धुळीमुळे होड्या लांब गेल्या नव्हत्या, पण कुपा मासा मिळाला होता, चांगला माणसाच्या लांबीचा. बायका धक्क्यावरच तो कापत होत्या. त्यांतल्या एकीनं फेरहूफच्या हातात सुरा दिला, "उभा राहून बघतोस काय, एवढा मोठा देह आहे, लाव कामाला!" त्यानं लावला. सगळा शर्ट लाल. पूर्ण धक्का हसत होता, आणि तो गडी सर्वांत मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशीही धूळ तशीच. परतीचं विमानही अडकलं. एव्हारिस्टो डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, "आता त्यांना पेद्रा दी ल्युमला नेते. मीठ बघायला ऊन लागत नाही."

ते जुनं मिठागर तुला आठवत असेल, डोंगराच्या पोटातलं. लाकडी रोपवे मोडून पडलाय, खांब उभे आहेत. आत गेलं की वारा थांबतो आणि खाली पांढरं-गुलाबी पाणी. कंपनीची माणसं कपडे काढून पाण्यात पडली आणि बुचासारखी तरंगायला लागली. पोरांसारखी किंचाळत होती. फेरहूफ मात्र काठावर, बूटही काढले नव्हते त्यानं.

"साहेबांना पाण्याची भीती वाटते का?" दमासियोनं विचारलं. मुलीनं हळूच मान डोलावली.

दमासियो त्याच्याजवळ गेला. "साहेब, इथे बुडायचं म्हटलं तरी जमत नाही. आमचा एक शेजारी बायकोशी भांडून जीव द्यायला इथे आला होता. तासभर उताणा पडून राहिला, मग भूक लागली म्हणून घरी गेला."

फेरहूफनं बूट काढले. दमासियोनं त्याच्या मानेखाली हात दिला, जसा लहान मुलाला देतात, आणि थोड्या वेळानं काढून घेतला. तो प्रचंड माणूस पाण्यावर पडून राहिला, दोन्ही हात पसरून. मला वाटलं हसतोय. पण तो रडत होता, दादा.

नंतर आम्ही मिठाच्या ढिगाला टेकून बसलो. त्याच्या अंगावर मीठ वाळून पांढरं झालं होतं. तो बोलायला लागला आणि मुलगी आमच्यासाठी सांगत गेली. तो झीलंडचा, तुमच्याकडच्या समुद्रकाठचा. त्रेपन्न साली बंधारा फुटून समुद्र घरात शिरला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तू तेव्हा अजून इथेच होतास, तुला ते तिकडे गेल्यावर कोणीतरी सांगितलं असेल. सगळे छपरावर चढले. त्याच्या हातात धाकटी बहीण होती. हात बधिर झाला आणि ती सुटली. त्यानंतर तो कधी पाण्यात उतरला नाही.

"आणि आता," तो म्हणाला, "त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात लोक छत्र्या लावून आइस्क्रीम खातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या छत्र्या उपटून फेकाव्याशा वाटल्या. माझ्या आईनं मात्र तिथेच खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. म्हणाली, समुद्रानं एक पोर घेतलं, आता उरलेल्यांना त्यानंच पोसावं, मी त्याला सोडणार नाही. मी या धंद्यात तिच्यामुळे आलो."

मग त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे समुद्र असा आत येतो का?"

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे ऊन येतं."

आणि मी सांगितलं. मी हे कधी परक्यासमोर बोलले नव्हते, घरातही आई एकदाच बोलली होती. बेचाळीस सालचा दुष्काळ, साओ निकोलाऊ बेट, ढग येतात आणि न थांबता पुढे जातात. आधी मका संपला, मग बियाणं, मग झाडांची मुळं. आमच्या घरात तीन मुलं. थोरला नऊ वर्षांचा. त्याच्या पाठची दोघं एकाच आठवड्यात गेली. बाबा कामाच्या शोधात इथे सालला आले होते, आईला उठवत नव्हतं. त्या नऊ वर्षांच्या पोरानं एकट्यानं दोघांना पाठीवर घेऊन टेकडीवर नेलं. जमीन इतकी कडक होती की खड्डा खोल होईना. म्हणून त्यानं दगड वेचून वर रचले, दुपारभर, उन्हात. मी तेव्हा जन्मले नव्हते. त्या मुलानं पुढे मला अंगाखांद्यावर खेळवलं, पण उन्हात कधी बसला नाही, सावली धरून चालायचा. मोठा झाला आणि जिथे ऊन नाही असा देश शोधून निघून गेला.

मुलगी वाक्यामागून वाक्य डच भाषेत सांगत होती. दगड वेचण्यापाशी आली आणि थांबली.

"पुढे?" फेरहूफ म्हणाला.

मग तिनं त्याला दोन-तीन शब्द सांगितले आणि तो मिठावरून उठून उभा राहिला, जसं घरात मयत झाल्याचं कळल्यावर लोक उठतात. मुलगी माझ्याकडे वळली. पोर्तुगीज सोडून तिनं मोडक्यातोडक्या आपल्या बोलीत विचारलं, "आत्या, त्या मुलाचं नाव बाल्ता ना?"

दादा, खाली बसला नसशील तर बस.

मी तिला विमानतळावरच ओळखलं होतं. तू पाठवलेल्या फोटोत ती सात वर्षांची, पांढऱ्या झग्यात. पण फोटोची गरजच नव्हती. आईचं कपाळ, आईची चाल, एक खांदा किंचित पुढे. यादीत तिनं बिबियाना न लिहिता नुसतं 'बिबी' लिहिलं होतं. मी वाट बघत होते की ती काही बोलेल. ती बघत होती की मी तिला दारातून हाकलत तर नाही ना. तू तिला सांगितलं होतंस, तिकडे आपलं कोणी उरलं नाही. रॉटरडॅमच्या आपल्या बायकांनी तिला खरं सांगितलं, लग्नाच्या एका जेवणात, "अगं, तुझी आत्या सांता मारियात खाणावळ चालवते, तिच्यासारखी काशुपा कोणाची नाही."

ती याच कंपनीत कामाला आहे, तिथे नव्या देशांची चर्चा निघाली तेव्हा तिनंच आपल्या देशाचं नाव पुढे केलं. कोणी हसून म्हणालं, हा देश आहे तरी कुठे? ती म्हणाली, "माझे वडील ज्याबद्दल कधी बोलत नाहीत, तिथे." मग तिनं विमानांच्या वेळा, पाण्याची सोय, वाऱ्याची दिशा, सगळं गोळा करून फेरहूफपुढे ठेवलं. नातं सांगितलं नाही. घरचं म्हणून नाही, चांगलं म्हणून निवडलं जावं, ही तिची जिद्द. हा हट्ट कोणाकडून आला ते मी लिहीत नाही.

तुला ती पोर्तुगालला जाते म्हणून सांगून निघाली. खोटं बोलली, त्याबद्दल मी तिचे कान उपटले आहेत, तू पुन्हा उपटू नकोस.

त्या संध्याकाळी खाणावळीत सगळं गाव लोटलं. बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. "बाल्ताची पोर! बाल्ताची पोर!" म्हाताऱ्या तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडून तिकडे फिरवत होत्या, बाजारात कलिंगड बघावं तसं. दमासियोनं व्हायोलिन काढलं, कोणी गिटार आणली. फेरहूफ मीठ न धुताच नाचला. आणि नाचता नाचता थांबून, टेबलावर हात आपटून म्हणाला, "विमान सुरू करू!"

एव्हारिस्टो रडायचाच बाकी होता. "पण साहेब, ऊन तर अजून..."

"उन्हाचे आकडे वैमानिकांकडून केव्हाच घेतलेत. ऊन नसेल त्या दिवशी तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाला काय देता, ते बघायचं होतं. ते बघितलं."

मी म्हटलं, "थांबा. माझ्या अटी आहेत."

एव्हारिस्टोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी माझा पाय काढून घेतला. म्हटलं, किनाऱ्याला कुंपण पडायचं नाही, आमची पोरं जिथे पोहतात तिथेच तुमचे पाहुणे पोहतील. समुद्रात न्यायला होडी सांता मारियाची आणि नावाडी इथलाच. आणि न्याहारी हॉटेलात, पण रात्रीचं जेवण गावात, निदान आठवड्यातून तीनदा.

बिबियाना हे सांगताना हळूच म्हणाली, "आत्या, चार म्हण. तो तीनवर येईल."

चार म्हटलं. तो चारलाच हो म्हणाला! कागदावर सह्या झाल्या त्या सकाळीही धूळच होती, हे तुला मुद्दाम कळवते. ऊन नंतर आलं, दुपारी, भरभरून, आणि सगळी हॉलंडची माणसं पांढऱ्या पोटांनी वाळूत आडवी झाली.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहिलं होतंस, "ज्या उन्हानं आपल्या घरातली दोन लेकरं खाल्ली, त्याच उन्हाला तू गिऱ्हाईक शोधतेस? लाज वाटत नाही?"

वर्षभर ते वाक्य माझ्या छातीवर बसलं होतं. भाकरी थापताना, चादरी वाळत घालताना. मला वाटायचं, दादा म्हणतो ते खरंच असेल, मी जन्मलेच नव्हते, मला काय कळणार. पण आता सांगते. नाही वाटत लाज. त्या उन्हानं आपलं खाल्लं, तर आता त्याला आपल्या पोरांसाठी राबू दे. आयुष्यभर राबू दे. धक्क्यावरची चार तरणी पोरं लिस्बनला जायची होती, ती थांबली आहेत, होडी रंगवताहेत. हे त्याच उन्हाच्या बळावर. मी उन्हाला माफ केलं नाही दादा, मी त्याला कामाला लावलं.

आणि तू लहान असताना जे केलंस ते तुझ्या मुलीला आता माहीत आहे. ते तिनं तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं, खरंय. पण ऐकल्यापासून ती तुझं नाव वेगळ्या आवाजात घेते. काल म्हणाली, "मला वाटायचं पप्पांना आम्ही आवडत नाही, म्हणून ते बोलत नाहीत." याचं उत्तर माझ्याकडचं नव्हे.

बाकीचे लोक गेले, ती मागे राहिली आहे. कंपनीनं तिला इथली प्रमुख नेमलंय, ऑक्टोबरपासून. तोवर सुट्टी काढून राहतेय. आत्ता अंगणात काशुपा ढवळतेय आणि करपवतेय, वास इथपर्यंत येतोय. आपली बोली ती दमासियोकडून शिकतेय, त्यामुळे आधी शिव्याच आल्या. परवा आम्ही दोघी होडीनं साओ निकोलाऊला चाललोय. तिला ती टेकडी बघायची आहे. मला जागा नेमकी माहीत नाही. कोणाला माहीत आहे, ते तूच जाणतोस.

पहिल्या विमानात एक जागा तुझ्या नावानं धरून ठेवलीय, तिनंच. कोणी गळ्यात पडणार नाही, कोणी जाब विचारणार नाही, तेवढं मी गावाला बजावून ठेवते. कोपऱ्यातली सावलीची खोली देईन, दार उत्तरेला आहे. बाकीच्या हॉलंडवाल्यांबरोबर रांगेत उतर, टोपी घाल, हवं तर काळा चष्मा लाव.

पाहुणा म्हणून ये, दादा. भाऊ व्हायला, बाप व्हायला, इथे उतरल्यावर भरपूर वेळ आहे.

तुझी,
इदा